सोलापुरातल्या गॅलरीतली हिवाळी बाग : दक्षिणेचे ऊन, बोअरचे पाणी आणि न फुलणारी शेवंती

दक्षिणमुखी (विजापूर रोड)

हिवाळ्यात गॅलरीत काय लावावे याविषयी जे सल्ले सर्वत्र वाचायला मिळतात, त्यांतले बरेचसे झाडांना थंडीपासून कसे वाचवावे याविषयीचे असतात. सोलापुरात तो प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा साधारण पंधरा अंशांच्या आसपास असतो, दुपारी तो तिशीला टेकतो आणि दहाच्या खाली क्वचितच उतरतो. कुंडीतल्या झाडाचा खरा छळ एप्रिल-मेमध्ये होतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे चार महिने हाच आपल्या गॅलरीचा मुख्य हंगाम मानावा आणि थंडीऐवजी उन्हाच्या दिशेचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य मकरवृत्तावर असतो, म्हणून त्या दिवशी माध्यान्हीसुद्धा तो आपल्या क्षितिजापासून केवळ ४९ अंश वर येतो आणि तोही दक्षिणेकडे कललेला असतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो. याचा गॅलरीवर होणारा परिणाम मोठा आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीची उंची नऊ फूट धरली, तर डिसेंबरच्या दुपारी वरच्या स्लॅबच्या कडेपासून आत जवळजवळ पावणेआठ फुटांपर्यंत ऊन पोहोचते, म्हणजे बहुतेक गॅलऱ्या भिंतीपर्यंत उजळून निघतात. २१ मार्चला सूर्य ७२ अंशांवर चढतो आणि तेच ऊन तीन फुटांच्या आत मागे सरते, तर मेमध्ये भर दुपारी वरच्या स्लॅबमुळे गॅलरीत सावलीच पडते. थोडक्यात, दक्षिणेची गॅलरी हिवाळ्यात ऊन देते आणि उन्हाळ्यात ते स्वतःच काढून घेते. आपल्या हवामानात याहून सोयीची दिशा नाही. घर घेताना दक्षिणेची गॅलरी म्हटली की नाक मुरडणाऱ्यांनी निदान बागेपुरता हा हिशेब पाहावा.

पूर्वेच्या गॅलरीला सकाळचे तीन-चार तास ऊन मिळते आणि पालेभाज्यांना ते पुरते. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब धरून ठेवते, त्यामुळे तिथे मिरची, वांगी आणि टोमॅटो चांगले येतात. उत्तरेच्या गॅलरीत सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत थेट ऊन शिरतच नाही, कारण त्या काळात सूर्य दिवसभर आपल्या दक्षिणेलाच असतो.

आपापल्या गॅलरीची दिशा, मजला आणि पाण्याचा प्रकार सांगून लिहिल्यास चर्चा नेमकी होईल.

चौथामजला (जुळे सोलापूर)

आपला हिशेब उघड्या जाळीच्या गॅलरीला लागू पडतो, परंतु आमच्यासारख्या भरीव कठड्याच्या गॅलरीत थोडी भर घालावी लागेल. ४९ अंशांच्या उन्हात तीन फुटांच्या कठड्याची सावली त्याच्या मागे अडीच फुटांपेक्षा थोडी जास्त पडते, आणि आपण कुंड्या नेमक्या तिथेच, कठड्याला टेकवून, जमिनीवर मांडतो. परिणामी गॅलरी उन्हाने भरलेली दिसते आणि कुंड्या मात्र सावलीत राहतात. यावर उपाय दोनच आहेत : कुंड्या आतल्या भिंतीकडे सरकवाव्यात किंवा दोन-अडीच फूट उंचीच्या लोखंडी घडवंचीवर ठेवाव्यात. आम्ही घडवंची पसंत केली, कारण तिच्याखाली सावलीत पुदिना आणि पानओवा ठेवता येतो.

कठड्याच्या माथ्यावर मात्र कुंडी कोणीही ठेवू नये. तारेने बांधलेली असली तरी ठेवू नये. अडकवायचीच असेल तर ती कठड्याच्या आतल्या बाजूला अडकवावी.

वजनाचाही विचार व्हावा. बारा इंची कुंडीत अठरा-वीस लिटर माती मावते आणि ती भिजल्यावर एकेक कुंडी सहज पंचवीस किलोंची होते. गॅलरीचा स्लॅब बहुधा भिंतीतून बाहेर काढलेला असतो, तेव्हा जड कुंड्या भिंतीलगत आणि हलक्या बाहेरच्या कडेला हा क्रम पाळावा. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळू लागले की सोसायटीच्या बैठकीत बागेचा विषय निघतोच, म्हणून प्रत्येक कुंडीखाली थाळी हवी आणि थाळीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकायला हवे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

घोळाणा (सात रस्ता)

फुलांविषयी इतर मंडळी लिहितीलच, मी पानांविषयी लिहिते. सोलापूरच्या हिवाळ्यात गॅलरीत सर्वांत लवकर ताटात येणारी गोष्ट म्हणजे मेथी. पाच-सहा इंच खोलीचा पसरट ट्रे पुरतो, दाणे रात्रभर भिजवून दाट पेरावेत आणि तीन-चार आठवड्यांत कोवळी मेथी घोळाण्यासाठी उपटावी. मेथी, कांद्याची पात आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे बारीक चिरून त्यांवर शेंगदाण्याचे कूट, मीठ आणि कच्चे तेल घातले की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. त्यासाठी ढीगभर भाजी लागत नाही, मूठभर ताजी लागते. गॅलरीच्या बागेने कुटुंबाची भाजी भागेल अशी अपेक्षा धरणारे लवकर निराश होतात, पण घोळाण्यापुरती मूठभर पाने मात्र ती बाग हंगामभर निश्चित देते.

कोथिंबिरीचे धने हाताने रगडून दोन फाकी कराव्या लागतात, कारण एका धन्यात दोन बिया असतात. ती उगवायला आठ-दहा दिवस घेते, तेव्हा चार दिवसांत काही दिसत नाही म्हणून माती उकरू नये. पालक मुळासकट उपटू नये. बाहेरची पाने खुडत राहिल्यास एकच पेरणी दोन महिने चालते. लसणाच्या पाकळ्या शेंडा वर ठेवून खोचल्या की दहा-बारा दिवसांत पात कापणीला येते आणि तिला फारसे ऊनही लागत नाही.

तथापि माझा खरा आग्रह आहे तो आपल्या मुलखातल्या दोन भाज्यांचा, ज्या शहरातल्या रोपवाटिका विकत नाहीत आणि बागेच्या यादीत कोणी घेत नाही : हरभरा आणि करडई. दोन्हींचे बी किराणा दुकानातून नव्हे, तर बी-बियाण्याच्या दुकानातून आणावे. करडईची पाने काटेरी होण्यापूर्वी, म्हणजे वीतभर उंचीची असतानाच खुडावीत. लसणाची फोडणी आणि थोडी भिजवलेली डाळ घालून केलेली तिची भाजी ज्याने खाल्ली आहे, त्याला अधिक सांगणे नको. हरभऱ्याचे शेंडे महिन्याच्या सुमारास खुडले की झाड फुटवे धरून पसरते, म्हणजे भाजीही मिळते आणि पुढे सोलाण्याचे चार घाटेही मिळतात. वेळा अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्षात शेतावर जाऊन साजऱ्या होणाऱ्या सणाच्या, भज्जीत (मिश्र भाजीत) आपल्या गॅलरीतल्या हरभऱ्याची मूठ पडली, की शेत नसणाऱ्यालाही त्या दिवशी शेतावर गेल्यासारखे वाटते.

कोबी आणि फ्लॉवर मात्र गॅलरीत लावू नये. एक मोठी कुंडी तीन महिने अडवून एकच गड्डा मिळतो, आणि तोही मावा व अळीने आपल्याआधी चाखलेला असतो.

पूर्वभाग (अक्कलकोट रोड)

हरभऱ्याविषयी वाचून आनंद झाला, परंतु आमच्याकडे तो टिकत नाही. वीतभर वाढतो, पानांच्या कडा तपकिरी होतात आणि झाड खालून वाळत वर जाते. घेवड्याचेही तेच होते. पालक आणि बीट मात्र त्याच गॅलरीत, त्याच मातीत उत्तम येतात. नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्याने ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखून ठेवावे लागते आणि झाडांना बोअरचे पाणी किंवा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी घातले जाते. कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर धरतो. रोग समजून कडुनिंबाचे तेल फवारले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

निवृत्त_कृषिसहायक (होटगी रोड)

पूर्वभाग यांनी रोगाचे वर्णन करता करता निदानही लिहून टाकले आहे. पालक आणि बीट येतात, हरभरा आणि घेवडा जळतात, यावरूनच हा क्षारांचा प्रकार आहे हे कळते. आपला देशी पालक हा मुळात बीटच्याच कुळातला आहे आणि चाकवतही त्यांच्या जवळचा आहे. ही सगळी मंडळी खारट पाणी बऱ्यापैकी सोसतात. करडईही बऱ्यापैकी तग धरते. याउलट हरभरा, घेवडा, गाजर, कांदा, स्ट्रॉबेरी आणि फुलांमध्ये गुलाब हे क्षारांना नाजूक आहेत. पानांच्या कडा आधी करपतात, कारण झाड पाणी पानांतून बाहेर सोडते आणि क्षार कडेशी साठत जातात. त्यावर कोणतीही फवारणी लागू पडत नाही.

शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी झाडांना घालण्याची पद्धत घरोघरी आहे आणि पाणी वाया घालवू नये ही भावना योग्यच आहे. परंतु ते यंत्र पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, ते पिण्याच्या पाण्यातून काढून त्या टाकाऊ पाण्यात एकवटते. बोअरचे पाणी मुळातच जड असेल, तर हे पाणी त्याहून जड होते. त्याने फरशी पुसावी, संडास धुवावा, पण कुंडीत ते एकटे घालू नये. शंभर-दोनशे रुपयांना टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे छोटे उपकरण, मिळतो, तो एकदा विकत घ्यावा. अन्न व कृषी संघटनेच्या निकषांनुसार लिटरला ४५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी कोणत्याही पिकाला चालते, ४५० ते २,००० या पट्ट्यात पीक निवडून आणि निचरा सांभाळून काम करावे लागते, आणि २,००० च्या पुढे बाधा तीव्र होते. नळाचे आणि बोअरचे पाणी निम्मेनिम्मे मिसळले तरी पुष्कळ फरक पडतो.

गॅलरीची एक अडचण शेताला नसते. शेतात पावसाळ्यात क्षार धुऊन खाली जातात, पण वरच्या स्लॅबखालच्या कुंडीवर पावसाचा थेंबही पडत नाही आणि वर्षानुवर्षे क्षार साचतच राहतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरच्या चांगल्या पावसात कुंड्या शक्य असल्यास गच्चीवर नेऊन दोन-तीन वेळा धो धो भिजू द्याव्यात, म्हणजे हिवाळ्याची लागवड धुतलेल्या मातीत होते. आता ते शक्य नसल्यास महिन्यातून एकदा नळाच्या पाण्याने, कुंडीच्या आकारमानाच्या दीडपट तरी पाणी सावकाश ओतून ते खालून वाहू द्यावे आणि थाळी लगेच रिकामी करावी. रोज पेलाभर पाणी घालून खालून एक थेंबही न गळू देणे ही काटकसर वाटते, पण क्षार साठवण्याची तीच खात्रीची रीत आहे.

मातीविषयीही लिहितो. आपली काळी माती शेतात सोने असली, तरी कुंडीत तिच्यासारखी अडचणीची माती नाही. ती भिजली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते व मधला गोळा कोरडाच राहतो. ती टाकून देऊ नये. चाळलेली काळी माती एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि ओंजळभर जाडसर वाळू असे मिश्रण करावे. कोकोपीट धुवायचे ते अशासाठी, की त्यातही मुळात क्षार असू शकतात. काळ्या मातीत चुना भरपूर असल्यामुळे लोह झाडाला मिळत नाही, म्हणून गुलाब आणि पिटुनियाची नवी पाने पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहतात. तिथे युरिया घालून उपयोग नसतो, चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातले लोह, द्यावे लागते.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि त्यातला सगळ्यांत साधा धडा गॅलरीत जसाच्या तसा लागू पडतो : उघडी माती ठेवू नये. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी, असे रब्बीची ज्वारी घेणारे आपले शेतकरी सांगतात. वरची इंचभर माती खुरप्याने सैल ठेवली की भेगा बुजतात आणि ओल आत राहते. त्यावर उसाचे पाचट किंवा शेंगांची टरफले बोटभर जाड पसरावीत. टरफलांची सोलापुरात वानवा नाही.

वेणी_गजरा (रेल्वे लाइन्स)

माझा प्रश्न शेवंतीचा आहे. जूनमध्ये मुनव्यांपासून केलेली रोपे आहेत, सप्टेंबरपर्यंत शेंडे खुडले, खतपाणी व्यवस्थित आहे, झाडे हिरवीगार आणि दाट झाली आहेत, परंतु डिसेंबर निम्मा संपला तरी एकाही झाडावर कळी नाही. शेजारच्या इमारतीत त्याच रोपांपासून केलेली शेवंती दिवाळीनंतर लगेच फुलली. आमची गॅलरी दक्षिणेचीच आहे आणि ऊन भरपूर आहे. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंत फुले यावीत अशी इच्छा होती. नत्र जास्त झाले असेल का?

दक्षिणमुखी (विजापूर रोड)

ताई, नत्राचा विचार करण्यापूर्वी रात्री नऊ वाजता गॅलरीतले दिवे बंद करून तिथे उभे राहावे आणि कुंडीवर प्रकाश पडतो का ते पाहावे. झाडे निरोगी असून कळीच धरत नसतील, तर मला पहिली शंका रस्त्यावरच्या दिव्याची येते.

शेवंती दिवसाच्या उजेडावर नव्हे, तर रात्रीच्या अंधारावर फुलते. रात्र ठरावीक मर्यादेपेक्षा लांब आणि अखंड झाली की तिला कळी धरण्याची सूचना मिळते. सोलापुरात सप्टेंबरच्या शेवटी दिवस आणि रात्र सारखे होतात आणि डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांच्या आसपास येतो, म्हणजे निसर्गतः ही सूचना तिला मिळायलाच हवी. परंतु मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी झाडाच्या लेखी ती लांब रात्र दोन लहान रात्रींत तुटते. फुलांचे व्यापारी उत्पादक याच गुणाचा उपयोग करून घेतात आणि शेवंतीच्या शेतावर रात्री दिवे लावून ती हव्या त्या तारखेपर्यंत लांबवतात. आपल्या गॅलरीसमोरचा पांढरा दिवा तेच काम फुकट आणि नको असताना करत असावा. कालांचोई आणि लाल पानांचा पॉइन्सेटियाही असेच वागतात.

उपाय म्हणून संध्याकाळी सहा ते सकाळी सातपर्यंत कुंड्या अंधाऱ्या खोलीत ठेवाव्यात किंवा त्यांवर मोठे खोके पालथे घालावे आणि त्यात एकही रात्र चुकवू नये. कळ्यांना रंग दिसू लागला की हे थांबवता येते. मात्र यात्रेपर्यंत फुले येतील असे मी सांगणार नाही. लांब रात्री सुरू झाल्यापासून फुले उमलायला जातीनुसार सात ते बारा आठवडे लागतात, म्हणजे आज सुरुवात केली तर फेब्रुवारी उजाडेल. यात्रेसाठी रोपवाटिकेतून कळ्या धरलेली झेंडूची रोपे आणणे हा व्यवहार्य मार्ग आहे, झेंडू दिव्याची इतकी पर्वा करत नाही.

वेणी_गजरा (रेल्वे लाइन्स)

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. समोरच्या खांबावरच्या दिव्याचा प्रकाश थेट कुंड्यांवर पडतो आणि त्या उजेडात वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात. गॅलरीच्या एका टोकाला पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक कुंडी होती, तिला मात्र बारीक कळ्या आहेत असे आता लक्षात आले. खोकी मिळवली आहेत.

पूर्वभाग (अक्कलकोट रोड)

हे वाचून आमच्याकडच्या अंबाडीचे कोडे सुटले. आमच्या घरी गोंगुरा चटणीसाठी अंबाडी बारा महिने हवी असते आणि हिवाळ्यात पेरलेली अंबाडी चार पाने येताच फुलायला लागते. तीही लांब रात्रीचीच दिसते.

निवृत्त_कृषिसहायक (होटगी रोड)

बरोबर आहे. अंबाडीची पेरणी पानांसाठी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात करावी. हिवाळ्यात तिची जागा चुक्याला द्यावी. चटणीचा आंबटपणा भागतो आणि चुका थंडीत खुशीने वाढतो.

चौथामजला (जुळे सोलापूर)

टोमॅटोविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. रात्रीचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असताना टोमॅटोचे फूल सर्वांत चांगले धरते आणि आपल्या नोव्हेंबर ते जानेवारीच्या रात्री जवळपास अशाच असतात. मार्चनंतर फुले गळतात ती उष्णतेमुळे, त्या वेळी खत वाढवण्यात अर्थ नसतो. रोप ऑक्टोबरमध्ये लागले पाहिजे. बारा इंचांहून लहान कुंडी चालत नाही, आणि चेरी टोमॅटो घेतल्यास गॅलरीत मोठ्या फळाच्या जातींपेक्षा समाधान जास्त मिळते. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी फिरकतात, तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास फुलांचे झुबके बोटाने हलके टिचकावेत. टोमॅटोच्या फुलात पराग आणि बीजांड एकत्रच असल्याने एवढ्यानेही फळ धरते.

माझी अडचण भुरीची आहे. गुलाबाच्या कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी पसरली आहे आणि पाने धुतली तरी ती परत येते. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर केली होती आणि पहिला बहर नोव्हेंबरअखेरीस उत्तम आला होता.

निवृत्त_कृषिसहायक (होटगी रोड)

इतर बहुतेक बुरशींना ओले पान लागते, तसे भुरीला लागत नाही. कोरडे, उबदार दिवस आणि गार रात्री तिला मानवतात, आणि सोलापूरचा हिवाळा नेमका तसाच असतो. म्हणून ती आपल्याकडे पावसाळ्यापेक्षा आत्ताच जोर धरते. आधी लागण झालेले शेंडे कापून टाकावेत आणि कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे, कारण दाटीत हवा खेळत नाही. तरीही न आटोपल्यास पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारावे. खायच्या पानांवर गंधक उडू देऊ नये, मेथीचे ट्रे त्या वेळी घरात घ्यावेत.

माव्यासाठी कडुनिंबाचे तेल लिटरला पाच मिलिलिटर, त्यात थोडे साबणाचे पाणी, आणि फवारा पानांच्या खालच्या बाजूने. नागअळीची पांढरी नागमोडी रेघ दिसलेले पान तोडून टाकणे पुरते.

उत्तरेची_खिडकी (सिद्धेश्वर पेठ)

उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनी काय करावे, हे या चर्चेत एका वाक्यात आटोपले आहे! आमच्याकडे ऑक्टोबरपासून ऊन येत नाही हे खरे आहे, पण समोरच्या पांढऱ्या इमारतीवरून परतलेला उजेड चांगला येतो. त्यात पुदिना, पानओवा आणि लसणाची पात वर्षानुवर्षे नीट येत आहेत. मेथीही येते, फक्त ती लांबुडकी आणि फिकट होते, म्हणून बोटभर उंचीवरच कापावी लागते. फुलांचा मोह आम्ही सोडून दिला आहे आणि पानांच्या रंगांवर समाधान मानतो : कोलियस, मनीप्लांट, नेचे. उन्हाळ्यात मात्र आपण सगळे हिरव्या जाळ्या बांधत असताना आम्ही दुपारी गॅलरीत चहा घेतो.

घोळाणा (सात रस्ता)

उत्तरेची खिडकी यांचा मुद्दा मान्य आहे. फुलांपैकी ज्यांची फुले खाताही येतात अशा नॅस्टर्शियमचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते. त्याची पाने आणि फुले हळिवासारखी तिखटसर लागतात, बी मोठे असल्याने लहान मुलांनाही पेरता येते, आणि त्याला खत घातले नाही तरच फुले जास्त येतात. पिटुनियाचे बी मात्र धुळीइतके बारीक असते, त्याची तयार रोपेच आणावीत.

आणखी एक विचारायचे होते. नाताळच्या सुट्टीत आठवडाभर गावाला जायचे आहे आणि शेजारीही गावाला जात आहेत. झाडांच्या पाण्याची काय व्यवस्था करावी?

चौथामजला (जुळे सोलापूर)

जुना टेरी टॉवेल फाडून त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कराव्यात. सोलापूरकराच्या घरी जुन्या टॉवेलांना तोटा नसतो. पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंचावर, सावलीत ठेवावी आणि भिजवलेल्या पट्टीचे एक टोक बादलीच्या तळाशी जाईल व दुसरे कुंडीच्या मातीत चार बोटे खोल पुरले जाईल असे करावे. सुती कापड पाणी ओढत राहते. जाण्यापूर्वी दोन दिवस प्रयोग करून पाहावा, कारण पट्टी फार रुंद असेल तर बादली लवकर रिकामी होते आणि फार अरुंद असेल तर मोठ्या कुंडीला पुरत नाही. बादलीवर झाकण किंवा घट्ट बांधलेले फडके हवेच. सर्व कुंड्या भिंतीलगत एकत्र सरकवल्यास वाऱ्याने होणारे बाष्पीभवनही कमी होते, आपल्याकडचा हिवाळी वारा कोरडा असतो आणि वरच्या मजल्यावर तो कुंडी उन्हापेक्षा लवकर वाळवतो.

वेणी_गजरा (रेल्वे लाइन्स)

शेवटचा प्रश्न मोगऱ्याचा. तो सध्या नुसता उभा आहे, नवी पाने नाहीत, फुलेही नाहीत. त्याला खत द्यावे का?

निवृत्त_कृषिसहायक (होटगी रोड)

आत्ता काहीही देऊ नये. मोगऱ्याचा हा विश्रांतीचा काळ आहे. त्याचे पाणी कमी करावे, संक्रांतीनंतर पंधरवड्याने जुन्या फांद्या निम्म्यावर छाटाव्यात, पाने काढून टाकावीत, वरची माती उकरून त्यात शेणखत आणि मूठभर भिजवलेली करडईची पेंड मिसळावी आणि मग पाणी पूर्ववत सुरू करावे. त्याच सुमारास मेथी-कोथिंबिरीची शेवटची पेरणी उरकून घ्यावी. फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरलेली कोथिंबीर पाने कमी आणि तुरे जास्त देते, आणि तेव्हा रिकामे झालेले ट्रे घोळाच्या भाजीला वापरावेत, ती उन्हाळाभर टिकते.